स्कार्फ अजून माझ्याकडेच आहे, ताई

ताई,

काल सकाळी पेटीच्या कोपऱ्यात माझ्या बोआची, त्या विळखा घालणाऱ्या बिनविषारी सापाच्या पिल्लाची, विष्ठा दिसली, शेजारी युरेटचा, म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचा, पांढरा खडा, आणि मी आईला हाका मारत सुटलो. घाण बघून माणूस इतका का हरखतो, हे साप पाळणाऱ्यालाच कळेल. सलग सहावं जेवण पचलं. म्हटलं, आता तरी ताईंना लिहू. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण लिहितोय मात्र चारचौघांत, कारण त्या दिवसांत मला सल्ले देणारे डझनभर होते आणि घरी येऊन जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या तुम्ही एकट्या.

माझी चूक आधी सांगतो. ती आली तेव्हा दोन फुटांचीही नव्हती. विकणाऱ्याने डबा हातात देताना सांगितलं: रोज हाताळा, माणसाळेल, आठवड्यातून दोनदा पोटभर घाला, भराभर वाढेल, वरून एक बल्ब लावा, झालं. मी पहिल्याच दिवशी तिला मनगटावर गुंडाळून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगापेक्षा जाड उंदीर दिला. तिसऱ्या दिवशी मित्र आले म्हणून पुन्हा बाहेर काढली, पोटातला फुगवटा सगळ्यांना बोट लावून दाखवला. चौथ्या दिवशी तोच उंदीर, केस झडलेला, लिबलिबीत, पेटीत पडलेला होता. तो वास दोन दिवस घरातून गेला नाही.

फोन केला तर विकणारा म्हणाला, 'होतं असं, दुसरा द्या.' दिला. तोही बाहेर आला. 'अति खाणे मसणात जाणे' ही म्हण आपण माणसांना ऐकवतो. बोआच्या पिल्लाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. प्रत्येक उलटीबरोबर पोटातला पाचक रस जातो, अन्ननलिका आतून सोलवटते, आणि सावरायच्या आत पुन्हा खायला घातलं की पिल्लू खचत जातं. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मग एका प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डबा टेबलावरही ठेवू दिला नाही. 'हे असलं जनावर मी बघत नाही' म्हणाले, ते ठीक. ज्याला येत नाही त्याने नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही. पण 'आणता कशाला मग?' असं विचारून ते बाहेर बसलेल्या लोकांकडे बघून हसले, ते मला अजून खुपतं.

आणि मग तुम्ही. कुणीतरी तुमचा नंबर दिला होता, मी रडवेल्या आवाजात काय बोललो ते आठवतही नाही. तुम्ही आलात, पेटीसमोर बसलात, हात मात्र मागे ठेवलेत. मी झाकण उघडायला गेलो तर म्हणालात, 'राहू दे.' पाचेक मिनिटं नुसत्या बघत होतात. मग विचारलंत, 'ही लपते कुठे?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारही बाजूंनी काच, वर भगभगता बल्ब, मध्ये पाण्याचं भांडं आणि त्या भांड्याला चिकटून तिचं घट्ट वेटोळं. मला वाटायचं, निवांत बसली आहे.

तुम्ही गळ्यातला स्कार्फ काढलात. निळा, काठाला जरा उसवलेला. तो काचेवर समोरून सोडलात, दोन्ही टोकं वरच्या चौकटीत खोचलीत, आणि म्हणालात, 'सापाला पापण्या नसतात रे. नको असलं तरी सगळं बघत बसावं लागतं तिला. आपण मिटू तिच्यासाठी.'

ताई, एवढंच. बाकीचं तुम्ही जे केलंत ते कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडेल: बल्ब काढून थर्मोस्टॅट, एका टोकाला ३१-३२ अंशांची ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा, दोन्हीकडे एकेक लपण, हवेत पुरेसा ओलावा. ते सगळं लागतंच, त्याशिवाय ती जगली नसती. पण मला रात्री आठवतो तो स्कार्फ. आठवडाभर मी तिला 'आजारी साप' म्हणून बघत होतो. त्या एका वाक्यानंतर मला एक पिल्लू दिसलं, ज्याच्याकडे सगळे टक लावून बघताहेत आणि ज्याला डोळे मिटायची सोय नाही. तुम्हीच सांगितलंत की बोआ अजगरासारखी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि पिल्लांना पहिल्या दिवसापासून आई नसते. जंगलात एवढंसं पिल्लू म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा घास. त्याला उघड्यावर ठेवलं तर ते खाणार काय आणि पचवणार काय!

'साप म्हणू नये धाकला' असं आपल्याकडे म्हणतात, डंखाच्या धाकाने. मला आता ती म्हण उलटीकडून वाचावीशी वाटते.

तुम्ही मला रागावला नाहीत, हेही लिहून ठेवतो. रागवायला जागा भरपूर होती. मनगटावरचा फोटो मी स्वतःच दाखवला तुम्हाला, तेव्हा फक्त 'छान रंग आहे' म्हणालात. जाणकार माणसं बहुतेक वेळा आपण किती जाणतो हे आधी दाखवतात आणि मदत मग करतात. काही तर दाखवूनच निघून जातात. समोरच्याची लाज न काढता त्याची चूक दुरुस्त करणं, हे मी फार कमी लोकांना करताना पाहिलंय.

पुढचे पंधरा दिवस अन्न नाही, हात नाही, नुसतं पाणी बदलायचं. आई रोज म्हणायची, 'उपाशी मारणार का तिला?' मीही दोनदा डगमगलो. दोन्ही वेळा स्कार्फ बघून परत फिरलो.

सोळाव्या रात्री तुम्ही सांगितलं होतं तसं नेहमीच्या निम्म्याहून लहान, बर्फातून काढून गरम केलेलं उंदराचं पिल्लू चिमट्याने लपणापाशी धरलं. आधी जीभ आली, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ लवलवली. मग काय झालं ते दिसलंच नाही इतक्या झटक्यात तीन वेटोळी पडली. मेलेल्यालाच आवळत होती बिचारी. त्या उपासाच्या दिवसांत मी वाचलं होतं की बोआला विळख्यातल्या जिवाच्या हृदयाचे ठोके कळतात आणि त्यावरून ती कधी सोडायचं ते ठरवते. २०१२ साली प्रयोग करून दाखवलंय तसं. इथे ठोके नव्हतेच. थोड्या वेळात ती सैल झाली, डोकं शोधलं, आणि एकदा डावा जबडा, एकदा उजवा, असं चालत चालत गिळलं. मी दाराबाहेर जमिनीवर बसून फटीतून बघत होतो. त्यानंतरचे सात दिवस मी रोज सकाळी पेटीपाशी जाऊन आधी वास घ्यायचो, मग बघायचो.

आता दर बारा दिवसांनी जेवते. जेवणानंतर दोन दिवस मी पेटीला हात लावत नाही, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. गेल्या महिन्यात डोळे दुधाळ निळे झाले तेव्हा घाबरून तुम्हाला फोन करणार होतो, पण कात येतेय हे मागाहून उमगलं. कात एकसंध निघाली. तुमच्यासाठी वहीत जपून ठेवली आहे. उजेडात धरली की डोळ्यांच्या जागी दोन चिमुकल्या गोल काचा दिसतात, अख्ख्या.

स्कार्फ दोन आठवड्यांपूर्वी काढला. संध्याकाळी आता ती स्वतःहून काचेपाशी येते. तुमचा स्कार्फ परत करायचाय, पण काढताना तो पेटीत पडला आणि तिने त्यावर कार्यक्रम उरकला. दोनदा धुतला, एक डाग काही जात नाही. तिसऱ्यांदा धुऊन बघतो. नाहीच गेला तर तसाच आणून देईन, चालेल ना?

तुमचा,
फोटोवाला