विषय: ‘ड्राय गार्डन कलर कॉम्बो’ – झाडं ९, कार्ड १

नमस्कार टीम,

तुमच्या ‘ड्राय गार्डन कलर कॉम्बो’मधली झाडं का मेली याबद्दल तुमच्या चॅटवर ३ वेळा बोलून झालंय, तिन्ही वेळा वेगळी व्यक्ती होती आणि तिघांनीही तेच उत्तर दिलं की ‘मॅडम ओव्हरवॉटरिंग झालंय’, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते. ईमेल मोठा आहे, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, मधे एक गोष्ट डोळ्याच्या इजेबद्दल आहे, ती तरी वाचाच.

ऑर्डर घेऊन आता ७ महिने होत आलेत. इतक्या उशिरा तक्रार का, तर तुमची रिटर्न पॉलिसी ४८ तासांची आणि झाडाला मरायला ४८ दिवस लागतात. सक्युलंट (जाड, रसाळ पानांचं झाड) तर इतकं चिवट असतं की मुळं पूर्ण कुजली तरी वरून महिनाभर टवटवीत दिसतं, पानातल्या पाण्यावर जगतं ना ते. त्यामुळे ४८ तासांत काही बिघडलं असेल तर ते फक्त कुरियरवाल्याने बॉक्स आपटल्यामुळेच, बाकी काही कळायची सोयच नाही.

मी नवशिकी नाहीये हे आधी सांगते. कोरड्या हवेत बाग करते, माझ्याकडे अगेव्ह आहेत, कोरफडी आहेत, स्नेक प्लांटचा एक कोपराच आहे, पण सगळा हिरवा-राखाडी मामला. म्हटलं जरा रंग येऊ दे, लाल जांभळी गुलाबी पानं, फुलांची वाट बघायला नको आणि पाणीही कमी. तुमच्या पेजवर लिहिलं होतं ‘कमी पाण्यात फुलणारे ९ रंग, कोरड्या बागेसाठी खास निवडलेले’, म्हणून घेतला कॉम्बो. फोटो बघून भुलले ही माझी चूक, मान्य.

बॉक्स उघडला तर सोबत एक गुळगुळीत कार्ड. आठवड्यातून दोनदा पाणी द्या, उन्हात ठेवा, पानं ओल्या फडक्याने पुसा, दर १५ दिवसांनी खत द्या, झाड हॅपी तर तुम्ही हॅपी. बस्स. ९ झाडं आणि सगळ्यांना हे एकच कार्ड. खरं तर माझी सगळी तक्रार या कार्डाबद्दलच आहे.

सुरुवात फडक्यापासून करते कारण त्यानेच तुमचं बिंग फुटलं. एक एचेव्हेरिया (गुलाबासारख्या पाकळ्या दिसणारं सक्युलंट) होती भडक निळी, शाईच्या दौतीत बुचकळून काढल्यासारखी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, सक्युलंटमध्ये निळसर राखाडी रंग असतो पण असला निळा कुणी पाहिलाय? तर कार्डात लिहिल्याप्रमाणे ओल्या फडक्याने पानं पुसली आणि फडकं निळं झालं. म्हणजे स्प्रे पेंट! झाडाला रंग मारलात राव तुम्ही! नंतर महिन्याभरात मधून नवी पानं आली ती साधी हिरवी, जुन्या पानांवरच्या रंगाला तडे गेले आणि खालची एकेक करून गळायला लागली. अहो पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, त्यावर रंगाचा थर दिला की ऊन आत जात नाही आणि पानावरची बारीक छिद्रंही बुजतात. ही झाडं त्या छिद्रांचं दार रात्री उघडतात, रात्रीच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दार बंद करून त्यावर काम चालवतात, म्हणून तर एवढ्या कोरड्या हवेत तगतात. तुम्ही तर दारालाच रंग फासलात.

दुसरी एचेव्हेरिया होती पांढरट गुलाबी, तिच्यावर पिठासारखा एक थर असतो. तो मेणाचा असतो, झाडच बनवतं, उन्हापासून आणि पाणी उडून जाण्यापासून वाचवायला. एकदा पुसला की त्या पानावर पुन्हा पहिल्यासारखा येत नाही, जुनं पान गळून नवं येईपर्यंत डाग तसाच. मला हे माहीत होतं तरी मी पुसलं, कारण कार्डात लिहिलंय म्हणजे कंपनीला काहीतरी माहीत असेल असं वाटलं!! आता त्या झाडावर माझ्या बोटांचे ठसे कायमचे उमटलेत, पोलिसांना दाखवता येतील इतके स्पष्ट.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते, त्याच एचेव्हेरियाच्या दोन पानांवर जे तपकिरी भाजल्याचे चट्टे आहेत ते माझ्यामुळे. शेडनेटमधून आलेलं झाड एकदम दुपारच्या उन्हात ठेवायचं नसतं, आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवत न्यायचं, १०-१५ दिवस तरी. मी घाई केली. तुमच्या कार्डात ‘उन्हात ठेवा’ एवढंच होतं हा भाग वेगळा.

आता पाणी. कॉम्बोत कोलियस होता, लाल-पिवळ्या पानांचा, सुंदर, वादच नाही. पण कोलियस आणि ‘कमी पाण्यात’? ते पातळ पानांचं झाड आहे, दमट हवेतलं, कोरड्या वाऱ्यात दुपारी १ वाजता मान टाकतं, त्याला सावली लागते आणि माती कायम ओलसर लागते, म्हणजे उन्हाळ्यात रोज पाणी, कधी दोनदा. कार्डाप्रमाणे आठवड्यातून दोनदा दिलं, चौथ्या आठवड्यात खलास. तिकडे निळीबाईंना त्याच कार्डाप्रमाणे आठवड्यातून दोनदा दिलं तर त्या बुडाशी मऊ पडून काळ्या झाल्या. एक तहानेने मेलं आणि एक बुडून, आणि दोघांसाठी तुमच्या चॅटवर उत्तर एकच, ओव्हरवॉटरिंग. कोलियसच्या बाबतीत तरी लाज वाटायला हवी होती.

बुडालेलं झाड उपटून पाहिलं तेव्हा आणखी कळलं. वर जे रंगीत खडे होते ते चिकटवलेले!! गोंदाने! पाणी कुठे जातंय तेच दिसत नाही, बोट घालून माती तपासताही येत नाही. त्याखाली नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), रेती नाही, खडी नाही, परलाइट (निचऱ्यासाठी मिसळतात ते हलके पांढरे दाणे) नाही. कोकोपीट ओलं असताना दिवसेंदिवस ओलं राहतं आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी पटकन शोषत नाही, पाणी कडेने सरळ खाली आणि मधला गोळा कोरडाच. सक्युलंटला नेमकं उलटं हवं असतं, पाणी घातलं की पूर्ण भिजावं आणि मग लवकर सुकावं. आणि त्या गोळ्याच्याही आत मुळांभोवती एक बारीक जाळीची पिशवी, रोप लहान असताना घातलेली, ती कुणी काढलीच नाही. मुळं बिचारी त्यातच गोल गोल फिरत बसलेली. हे बघितल्यावर मी उरलेली सगळी झाडं त्याच दिवशी उपटली, जाळ्या कापल्या, निम्म्याहून जास्त जाड रेती आणि बारीक खडी घालून मिक्स केलं आणि पुन्हा लावली. बारीक रेती नाही हं, ती उलट भोकं बुजवते. आज जी ४ झाडं जिवंत आहेत ती या एका दुपारमुळे, तुमच्या खतामुळे नाही. खताचं तर बोलायलाच नको, दर १५ दिवसांनी दिलं की सक्युलंट मऊ मऊ आणि लांबुडकं होतं आणि रंग जाऊन हिरवं पडतं. रंग हवा असेल तर त्याला जरा तंगीतच ठेवायचं, भरपूर ऊन, थोडं पाणी, रात्री गारवा, मग आपोआप कडा लाल होतात, उन्हापासून बचाव म्हणून ते रंगद्रव्य झाडच तयार करतं. रंगाचं दुकान लावताय आणि रंग कशाने येतो तेवढंही सांगत नाही.

क्रोटनबद्दल थोडक्यात. कोरड्या हवेत त्याला लाल कोळी लागले, पानांखाली जाळी, पानं गळून नुसता दांडा उरला. क्रोटन वाईट झाड नाही पण त्याला हवेत ओलावा लागतो, कोरड्या बागेच्या कॉम्बोत त्याचं काय काम?

मून कॅक्टसचंही तसंच. वरचा लाल गोळा वेगळा आणि खालचा हिरवा दांडा वेगळा, कलम केलेलं असतं. लाल गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो स्वतः जगूच शकत नाही, खालच्या दांड्याच्या जिवावर जगतो, आणि दांडा ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतला. कडक उन्हात गोळा भाजतो हे कार्डात कुठे आहे? ‘उन्हात ठेवा’. ठेवला. भाजला.

आता डोळ्याचं, आणि इथे मी गंमत करत नाहीये. कॉम्बोत एक केशरी-लाल काड्यांचं झाड होतं, तुम्ही नाव दिलंय ‘फायरस्टिक’, आपल्याकडे ज्याला शेर म्हणतात त्याचीच रंगीत जात. बॉक्समध्येच दोन काड्या मोडलेल्या होत्या आणि पांढरा चीक सगळीकडे लागलेला. मी ते काढताना हाताला लागला, लक्षात आलं नाही, आणि घाम पुसताना हात डोळ्याला गेला. पुढचे काही तास काय आग झाली ते मी सांगू शकत नाही, डोळा उघडता येईना, दिसत होतं ते सगळं धूसर. नळाखाली कितीतरी वेळ डोळा धुतला, मग डॉक्टरकडे. डॉक्टरांनी सांगितलं की लगेच धुतलं म्हणून निभावलं, या चिकाने काही काळ दिसेनासंही होतं लोकांना. घरात लहान मूल असतं तर? शेराचा चीक डोळ्याला वाईट हे जुन्या लोकांना माहीत असतं, पण ‘फायरस्टिक’ नाव वाचून कुणाला शेर आठवणार आहे? ‘चीक विषारी, हातमोजे घाला, डोळ्यांपासून लांब ठेवा’ एवढं छापायला जागा नव्हती पण ‘झाड हॅपी तर तुम्ही हॅपी’ला होती. चॅटवर हे सांगितलं तर पलीकडून एक दुःखी चेहऱ्याचा इमोजी आला.

ते झाड उन्हाळ्यात पिवळट हिरवं झालं होतं, त्याची तक्रार करत नाहीये, मला माहितीये की तो लाल रंग थंडीत आणि कडक उन्हात येतो. पण फोटो थंडीतला आहे हे लिहा की खाली.

आणि काळं एओनियम, काळ्या पानांचं सक्युलंट! उन्हाळा सुरू होताच त्याने खालची पानं गाळली, वरचा पानांचा फुलासारखा गुच्छ मुठीसारखा मिटून घेतला. चॅटवर फोटो टाकला तर उत्तर आलं ‘सॉरी मॅडम, प्लांट डेड आहे, डिस्कार्ड करा’. डेड काय डेड, झोपलं होतं ते! कॅनरी बेटांवरचं झाड आहे, हिवाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्यात झोपतं, त्या वेळी आठवड्यातून दोनदा पाणी दिलं असतं तर मात्र खरंच कुजलं असतं. मी सावलीत ठेवलं, पाणी जवळजवळ बंद केलं, आणि गारवा पडल्यावर गेल्या महिन्यात ते असं उघडलंय की बघत राहावं, काळंभोर, मधे जरासं हिरवं. तुमच्या तज्ज्ञांचं ऐकलं असतं तर कचऱ्यात गेलं असतं.

दोन झाडांबद्दल मात्र मनापासून थँक्यू. पर्पल हार्टला मी काहीच केलं नाही, उन्हात टाकलं, विसरले, आता जांभळा गालिचा झालाय, तुटलेली फांदी खोचली तरी रुजते. आणि पांढऱ्या कडांच्या पानांचं ते छोटं झाड, ज्याला तुम्ही जेड म्हणता आणि जे जेड नाहीच, पोर्टुलाकारिया आहे, एलिफंट बुश, आफ्रिकेत हत्ती खातात ते, तेही मस्त चाललंय. अधूनमधून पूर्ण हिरवी फांदी फुटते ती कापत राहावी लागते, नाहीतर तीच जोरात वाढून सगळं झाड हिरवं करून टाकते, हे पण कार्डात असतं तर बरं झालं असतं. म्हणजे कोरड्या बागेला खरोखर चालणारी रंगीत झाडं तुमच्याकडे आहेत, तुम्हाला फक्त कुठलं कुठे चालतं ते माहीत नाहीये किंवा सांगायचं नाहीये.

आता मला काय हवंय. निळ्या एचेव्हेरियाचे पैसे पूर्ण परत, ती फसवणूक आहे, त्यावर चर्चा नको. कोलियस आणि क्रोटनचेही परत, कारण ‘कोरड्या बागेसाठी खास’ हे त्या दोघांच्या बाबतीत खोटं आहे. मून कॅक्टसचे निम्मे दिलेत तरी चालेल, तो शेवटी असाही फार वर्षं टिकणारा नव्हता. पिठूर एचेव्हेरियाचे नकोत, चट्टे माझे आहेत, ठसे तुमचे, फिट्टंफाट. डॉक्टरांचं बिल जोडलंय, ते मात्र तुम्ही भरायचंय. आणि फायरस्टिकच्या पेजवर चिकाबद्दलची सूचना लगेच, म्हणजे माझ्या रिफंडच्याही आधी, टाका, ज्यांनी तो कॉम्बो आधीच घेतलाय त्यांना मेसेज करा. कूपन पाठवू नका, मागच्या वेळी आलेलं तसंच पडून आहे.

फोटो ११ जोडलेत, त्यात निळं झालेलं फडकंही आहे, धुतल्यानंतरचं. उत्तर ईमेलवरच द्या, चॅटवर नको, आणि देणाऱ्याने कृपया आधी झाडाचं नाव वाचावं.

तुमची (अजून तरी) ग्राहक

ता.क. एओनियमची आणखी दोन रोपं हवी आहेत. विनारंगाची असतील तर आणि कार्डाशिवाय मिळणार असतील तर कळवा.