लोकटाकहून परतल्यावर

पुणे,
९ डिसेंबर २०१८

प्रिय दत्ता,

परवा रात्री इंफाळहून घरी पोचलो. सॅकला अजून न्गारीचा वास आहे. न्गारी म्हणजे तिकडची आंबवून मुरवलेली मासळी. हिने सॅक थेट गॅलरीत काढून ठेवली. तुझ्या घरच्या सुकटीलाही तिने नाक मुरडलं होतं, तेव्हा मणिपूरवाल्यांनी मनावर घ्यायचं कारण नाही.

लोकटाक तलावावर चंपू खांगपोक नावाची कोळ्यांची वस्ती आहे, तिथे दोन दिवस होतो. तलावभर 'फुमदी' पसरलेल्या असतात. गवत, मुळं, कुजलेला पाला, माती एकमेकांत गुंतून झालेला जाड थर. पाचातला एक भाग वर, चार पाण्याखाली. त्यावर झोपड्या. पाय टाकला की जुन्या गादीसारखं दबतं. पहिल्याच दिवशी दोनदा गुडघ्यापर्यंत आत गेलो, पोरं खिदळली.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजीला सगळे इमा म्हणतात, म्हणजे आई. पहाटे कडाक्याच्या थंडीत ती एकटी होडी घेऊन जाते. बोटांचे सांधे सुजलेले. त्या दिवशी जाळ्यात ओंजळभर बारीक मासे. पूर्वी म्यानमारमधल्या चिंदविन नदीकडून प्रवाह चढून मासे तलावात यायचे. १९८३ साली खाली इथाईला बंधारा झाला, ती वाट बंद झाली. प्यायला तलावाचंच पाणी, तुरटी फिरवून. याच पाण्यावर १०५ मेगावॅटचा वीजप्रकल्प चालतो, आणि इमाच्या घरात सोलरचा एक दिवा.

मला वाटलं होतं, या लोकांना भीती पाणी चढण्याची असेल. तसं नाही रे. पूर्वी हिवाळ्यात तलाव उतरायचा, फुमदी तळाला टेकायची, मुळं मातीतून पोट भरून घ्यायची आणि पावसाळ्यात पुन्हा तरंगायची. आता बंधाऱ्यामुळे पाणी बारा महिने तुंबलेलं. फुमदी उपाशी राहते, पातळ होत जाते. इमा झोपडीखाली नवे थर ओढून आणून दाबत राहते. घराला ठिगळं लावायची, तीही खालून.

त्यात २०११ च्या नोव्हेंबरात, तलाव घाण होतो म्हणून सरकारी माणसांनी शेकडो झोपड्या जाळल्या. इमाचीही. होडीवाला हे मला मोडक्या हिंदीत सांगत होता. तिने मध्येच त्याला थांबवून एवढंच दुरुस्त केलं, की जाळं जळलं नव्हतं, ते होडीत होतं.

मग मी तुमचं सांगितलं. उजनीत गाव गेलं, शेत गेलं, आणि अण्णा त्याच पाण्यात मासे धरायला शिकले. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, गाव वर येतं तेव्हा अण्णा तिथे जातात का?

मला सांगता येईना. तीस वर्षं तुमच्या घरी जेवतोय, पण हे कधी विचारलं नाही. तू विचारून कळव. होडीवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे, निरोप पोचवीन.

अण्णांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
सुधीर

ता. क. चिलापी एवढ्यात पाठवू नकोस. सॅक अजून गॅलरीतच आहे.