गढूळ बॅग आणि ‘नो ग्रोथ’

संपादक महोदय,

पोटाच्या डायलिसिसमधील (पोटात द्रव भरून, तो काढून रक्त शुद्ध करण्याच्या उपचारातील) ‘दुर्मीळ’ जंतूंवरचा कालचा लेख वाचला. सगळे खापर रुग्णाच्या अस्वच्छतेवर फोडून लेखक मोकळे झाले. हात न धुता बॅग जोडली तर संसर्ग होणारच, त्याबद्दल वाद नाही. पण जंतू सापडतच नाही, तो काय रुग्णाच्या साबणामुळे?

पोटातून निघालेल्या पाण्याची बॅग गढूळ आली, म्हणजे संसर्गाची शंका आली, की चमचाभर पाणी साध्या ट्यूबमध्ये, नाहीतर चक्क स्वॅबवर घेऊन लॅबला धाडतात. दोन लिटरमध्ये विखुरलेले जंतू तेवढ्यात कसे सापडावेत? बॅगेचे तोंड (पोर्ट) जंतुनाशकाने पुसून एरोबिक आणि अनएरोबिक (हवेत आणि हवेविना वाढणाऱ्या जंतूंसाठीच्या) अशा दोन्ही ब्लड कल्चर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या, बाटल्यांत प्रत्येकी ५ ते १० मिली पाणी रुग्णाजवळच भरायचे, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. बाटल्या नसतील तर ५० मिली पाणी सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ कल्चरला लावायचा. डोस मात्र रिपोर्टसाठी अडवायचा नाही.

पुढे ‘नो ग्रोथ’ (काही उगवले नाही) असा रिपोर्ट आला की प्लेट कचऱ्यात! मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅब्सेसस ही नळाच्या पाण्यातली मंडळी उगवायलाच तीन ते सात दिवस घेतात. उगवली तरी ग्रॅम स्टेनवर (जंतू रंगवून पाहण्याच्या चाचणीत) डिफ्थेरॉइड या त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंसारखी दिसतात, मग ‘त्वचेवरचे असेल’ म्हणून सोडून दिली जातात. सेफाझोलिन, व्हँकोमायसिन या नेहमीच्या अँटिबायोटिकना ती दाद देत नाहीत. तीन दिवसांनीही कल्चर निगेटिव्ह असेल आणि पाणी गढूळच, तर पाण्यातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा मोजाव्यात आणि बुरशी व मायकोबॅक्टेरियाचे कल्चर लावावे. आणि एएफबी (क्षयाचे जंतू ज्या गटात मोडतात ते जंतू) दिसले रे दिसले की एकेटी (क्षयाची औषधे), ही घाईही नको. क्षयाची नेहमीची चार औषधे या जंतूंवर सहसा चालत नाहीत. योग्य औषध देऊनही पाच दिवसांत पाणी निवळले नाही, तर कॅथेटर (पोटातली नळी) काढण्यात चालढकल नको. पोटाचा पडदा कायमचा खराब होऊ शकतो.

घरात मांजर आहे का, हे तरी किती जण विचारतात? रात्री सायकलर (पोटात पाणी आपोआप भरणारे-काढणारे मशीन) चालू असताना मांजराने नळी चावली आणि त्याच्या तोंडातला पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू पोटात गेला, अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. लेखकांनी तेवढे चाळले असते तरी पुरे होते.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो हिमोडायलिसिसच्या (रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध करण्याच्या) मशीनचा आहे. पोटाच्या डायलिसिसवर लिहिताना पोटाचा नाही, तर निदान बॅगेचा तरी छापायचा!

आपला,
एक मायक्रोबायोलॉजिस्ट, नाशिक