मतपत्रिकेवर पक्ष नाही, चिठ्ठी मात्र आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकाचे पत्र होते. अमेरिकेत नगरसेवक पक्षाशिवाय निवडून येतात, म्हणून तिथल्या शहरांत राजकारण नसते आणि कामे होतात, असा त्याचा सूर होता. मी वीस वर्षे नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅममध्ये राहते. 2020 च्या जनगणनेत 2 लाख 83 हजार वस्ती भरलेले हे मध्यम शहर आहे. पत्रलेखकांचे पहिले म्हणणे माझ्या गावापुरते बरोबर आहे. दुसरे वाचून मात्र हसू आले.

आधी 'अमेरिकेत' या शब्दाबद्दल. इथे एकच एक पद्धत नाही. आमच्याच राज्यात शार्लट आणि विन्स्टन-सेलम या शहरांत नगरसेवक पक्षाच्या नावावर लढतात. डरहॅम, ग्रीन्सबरो, रॅली इथे मतपत्रिकेवर पक्ष छापला जात नाही. मोटारीने दोन-अडीच तासांच्या टप्प्यात इतका फरक.

डरहॅमच्या कौन्सिलवर सात जण असतात, महापौर धरून. तिघे वॉर्डांचे, तिघे सबंध शहराचे, ज्यांना इथे 'अॅट-लार्ज' म्हणतात. वॉर्डाच्या उमेदवाराने त्या वॉर्डात राहायला हवे, पण त्याला मत सगळे शहर देते. निवडणूक विषम वर्षात, ऑक्टोबरात प्रायमरी, म्हणजे उमेदवार गाळण्याची पहिली फेरी, आणि नोव्हेंबरात अंतिम फेरी. महापौराला सातांतले एक मत, एवढाच त्याचा भाव. रोजचा कारभार कौन्सिलने नेमलेला सिटी मॅनेजर बघतो. (महापौराच्या गाडीवर लाल दिवा असतो का, असे माझ्या भाच्याने विचारले होते. मुळात गाडीचाच प्रश्न आहे, बाळा.)

नागरिकत्व मिळाल्यावर मी 2015 साली पहिल्यांदा शहराच्या निवडणुकीत मत दिले. आमचे केंद्र एका प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत असते. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबले मांडलेली. कागदी मतपत्रिका, काळे पेन, नावापुढचा लंबगोल भरायचा आणि कागद यंत्रात सरकवायचा. आत जाईपर्यंत मी आत्मविश्वासाने भरलेली होते. कागद हातात आला आणि पाटी कोरी झाली. नुसती नावे. ना डेमोक्रॅट, ना रिपब्लिकन, ना चित्र, ना चिन्ह. मग मी काय केले ते आज लाज सोडून सांगते. येताना रस्त्याच्या कडेला रोवलेल्या फलकांपैकी ज्यांचा हिरवा रंग डोळ्यांना बरा वाटला होता, ते नाव शोधले आणि गोल काळा केला. पुढे त्या गृहस्थांचे काय झाले, तेही मी पाहिले नाही.

माझ्यासारख्या मतदारासाठीच बाहेर चिठ्ठ्या असतात. केंद्राच्या दारापासून साधारण 50 फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे. त्या रेषेच्या पलीकडे घडीच्या खुर्च्या टाकून माणसे बसलेली असतात आणि हातात पोस्टकार्डाएवढा कागद देतात: महापौरपदाला हा, कौन्सिलला हे तिघे. खाली संस्थेचे नाव. डरहॅममध्ये अशा संस्था नव्या नाहीत. 'डरहॅम कमिटी ऑन द अफेअर्स ऑफ ब्लॅक पीपल' 1935 पासून आहे. डाव्या वळणाची 'पीपल्स अलायन्स' आहे, व्यापारी वर्तुळाला जवळची वाटणारी 'फ्रेंड्स ऑफ डरहॅम' आहे. या संस्था उमेदवारांना प्रश्नावल्या पाठवतात, मुलाखती घेतात आणि मग आपला पाठिंबा जाहीर करतात. पक्ष दारातून बाहेर काढला, तो खिडकीतून चिठ्ठी होऊन आत आला.

मला या चिठ्ठीचा राग यायचा. समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात, कृष्णवर्णीय, जन्म इथलाच. त्या कमिटीची चिठ्ठी पर्समध्ये घडी घालून ठेवतात. एकदा मी त्यांना म्हटले, दुसऱ्याने सांगितलेल्या नावावर शिक्का मारायचा, तर मग डोके कशाला? त्या शांतपणे म्हणाल्या, "मी त्या बैठकांना बसते. उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारताना पाहते. तू फलकाचा रंग बघतेस." हिरव्या फलकाची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. आपलेच दात आपलेच ओठ.

त्यांच्याकडूनच कळले की 1935 मध्ये या गावात कृष्णवर्णीयांना कौन्सिलची पायरीसुद्धा लांब होती. पहिला कृष्णवर्णीय सदस्य, रेंचर हॅरिस, 1953 मध्ये निवडून आला. सबंध शहराने मत द्यायचे म्हटले की संख्येने कमी असलेल्यांची मते विखुरली तर हाती काही लागत नाही. ती एका जागी बांधायला चिठ्ठी हवी होती. पक्षमुक्त निवडणुकीची कल्पना ज्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभर रुजवली, त्यांचा रोख पक्षांच्या वशिलेबाजीवर होता. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलसारख्या पक्षयंत्रणा नोकऱ्या वाटून मते गोळा करत. त्या मोडायच्या, वॉर्ड पुसायचे, सगळ्या शहराचा एकच मतदारसंघ करायचा. हेतू चांगला म्हणू या. पण वॉर्डाबरोबर वॉर्डातला गरीबही पुसला गेला, हे त्या शिक्षिकेच्या वडिलांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसरी गंमत. मतपत्रिकेवर पक्ष नसला तरी तो गुपित नसतो. या राज्यात मतदारयादी जाहीर असते. निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकले की कोणत्याही मतदाराची पक्षनोंदणी दिसते, उमेदवाराचीसुद्धा. माझे यजमान प्रत्येक प्रायमरीआधी रात्री जेवण झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून हेच करत बसतात आणि दहा मिनिटांत वैतागतात, कारण बहुतेक सगळे डेमोक्रॅट निघतात. 2020 मध्ये डरहॅम काउंटीत बायडन यांना सुमारे 80 टक्के मते पडली होती. अशा गावात पक्षाचे नाव कळून करायचे काय? 2023 मध्ये महापौरपदाच्या अंतिम फेरीत लिओनार्डो विल्यम्स आणि माइक वुडर्ड होते. दोघेही डेमोक्रॅट. वुडर्ड तर तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये त्याच पक्षाचे सदस्य होते. विल्यम्स निवडून आले.

त्याच वर्षी सप्टेंबरात कचरा उचलणाऱ्या कामगारांनी पगारासाठी गाड्या भरायला नकार दिला. 1959 च्या कायद्याने या राज्यात सरकारी नोकरांच्या संघटनेशी सामूहिक करार करताच येत नाही, त्यामुळे संप हा शब्दसुद्धा जपून वापरावा लागतो. आमच्या गल्लीत हिरवे डबे रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले, वर अर्धवट झाकण, आत कोळंबीची टरफले. त्या वासात उभे राहून मला पहिल्यांदा उमेदवारांची उत्तरे नीट वाचावीशी वाटली. पगारवाढ किती, कधी, आणि मालमत्ता करातून की आणखी कुठून? एकाच पक्षाच्या माणसांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. पक्ष छापलेला असता तर मी तेवढ्यावर थांबले असते, हे मला माझ्याविषयी पक्के माहीत आहे. म्हणून एवढे सगळे असूनही कोऱ्या मतपत्रिकेच्या बाजूने माझे मत आहे. ती राजकारण काढून टाकत नाही. गृहपाठ मतदाराच्या गळ्यात मारते, आणि न करणाऱ्याचे पितळ उघडे पाडते.

त्या वर्षी प्रायमरीतून अॅट-लार्जच्या तीन जागांसाठी सहा जण उरले होते. तिघांना मते देता येत होती. मी दोनच गोल भरले. तिसरे मत दिले तर तेच माझ्या आवडत्या उमेदवाराला मागे टाकायचे, हे गणित शिक्षिकाबाईंनीच शिकवले होते. यजमान म्हणाले, हा मतदानाचा अपमान आहे. आमच्यात त्यावर अजून एकमत नाही.

पत्रलेखकांनी एक गोष्ट पाहिली नसावी, ती म्हणजे केंद्रातला शुकशुकाट. 2024 च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी रांग लागली होती. त्याआधीच्या वर्षी, शहराच्या निवडणुकीला, सकाळी साडेसातला मी गेले तेव्हा अधिकारी विणकाम करत होत्या. रॅली शहराची निवडणूक राज्याच्या विधिमंडळाने 2021 मध्ये कायदा करून सम वर्षात नेली. गर्दी आपोआप मिळते. पण मग नगरसेवक अध्यक्ष, सिनेटर, न्यायाधीश यांच्या खाली मतपत्रिकेच्या तळाशी जातो आणि पक्षाच्या लाटेत भिजून येतो. मला विषम वर्षातला रिकामा हॉल परवडला, पण हा वाद मी घरातही जिंकलेला नाही.

कामे होतात का? काही वर्षांपूर्वी रविवारी दुपारी एक उमेदवार दारात आला. हात भाजणीच्या पिठाचे होते, म्हणून कोपराने दार उघडले. गल्लीच्या तोंडाशी पदपथ बस थांब्याच्या दोनशे पावले आधी संपतो, तो पूर्ण करणार का, एवढेच विचारले. आधी येऊन गेलेल्या दोघांनी "नक्की" म्हटले होते. हा म्हणाला, मोठा रस्ता राज्याच्या वाहतूक खात्याचा आहे, शहराला त्यांची परवानगी लागेल, पैसे वेगळे लागतील, चार वर्षांत होईल असे मी सांगणार नाही. त्याने कुठल्या पक्षाचा हे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्याला मत दिले. तो प्रायमरीतच गळाला.

2024 च्या नोव्हेंबरात शहराने उद्याने, रस्ते आणि पदपथांसाठी 20 कोटी डॉलरचे कर्जरोखे मतदानाने मंजूर केले. त्या यादीत आमचे दोनशे पावलांचे टोक आहे का, हे विचारायला मी आता कौन्सिलच्या सोमवारच्या सभेला नाव नोंदवणार आहे. बोलायला थोडी मिनिटे मिळतात. शिक्षिकाबाई बरोबर येते म्हणाल्या आहेत, आणि घड्याळ त्याच लावणार आहेत.

आपली,
एक नियमित वाचक,
डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना