गोल्बर्नचा मेंढा

सिडनी, १४ जून

तीर्थरूप आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला खरा, पण हे फोनवर सांगून भागणारं नव्हतं. इथे थंडी पडली आहे आणि तिकडे ग्वाल्हेरला लष्कर भागात तुम्ही लू सोसत असाल. दुपारची बाजारात जाऊ नकोस गं.

गेल्या शनिवारी आम्ही गोल्बर्नला जाऊन आलो. सिडनीहून कॅनबेराच्या वाटेवर, दोनशेएक किलोमीटरवरचं छोटं शहर. सगळा मुलूख मेंढ्यांचा. तिथे हमरस्त्याजवळ एक मेंढा उभा आहे, सिमेंट काँक्रीटचा. पंधरा मीटर उंच, अठरा मीटर लांब, वजन ९७ टन! जवळच्या एका फार्मवर रॅम्बो नावाचा जातिवंत मेरिनो मेंढा होता, त्याच्यावरून हा घडवला, म्हणून यालाही सगळे रॅम्बोच म्हणतात. लांबून गंमत वाटते, पण पायाशी उभं राहून वर पाहिलं की हसू थांबतं. शिंगांचे पीळ, मानेखालच्या कातडीच्या जाड वळ्या, सगळं मन लावून केलंय. मेरिनोची मान अशीच वळ्यावळ्यांची असते.

मेरिनो मेंढ्या या देशात पहिल्यांदा आल्या १७९७ मध्ये, आणि पुढे कितीतरी पिढ्या इथली माणसं लोकरीवर जगली. ज्या जनावराने पोसलं त्याचा एवढा मोठा पुतळा उभारावासा वाटणं, मला फार आवडलं. आपण नाही का पोळ्याला बैलांची पूजा करत!

हा मेंढा उभा राहिला १९८५ मध्ये, तेव्हाच्या हमरस्त्याला लागून. १९९२ मध्ये शहराला वळसा घालून नवा रस्ता झाला आणि येणारीजाणारी माणसं परस्पर पुढे जायला लागली. मग २००७ मध्ये लोकांनी काय केलं असेल? अख्खा मेंढा उचलला आणि आठशे मीटरवर, नव्या रस्त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. बाबांना हे मुद्दाम वाचून दाखव. किल्ल्यावर चढताना हत्तीपोळेशी थांबून ते दरवेळी सांगायचे, की १५२८ मध्ये बाबर आला तेव्हा इथे दगडी हत्ती होता, त्याने तसं लिहून ठेवलंय. आपला हत्ती गेला, दाराला नाव तेवढं उरलं. गोल्बर्नच्या लोकांनी आपला मेंढा जाऊ दिला नाही, याचं मला म्हणूनच जास्त अप्रूप वाटलं.

मेंढ्याच्या पोटात खाली दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर लोकरीचं प्रदर्शन. तिथे तुझी फार आठवण झाली. नुकतीच कातरलेली लोकर हातात घेतली. वरून मळकट, मातकट, पण बोटांनी फाकवली की आत दुधासारखी पांढरी, आणि प्रत्येक तंतू बारीक नागमोडी. हाताला तूप लागावं तसा चिकटपणा येतो. ती लोकरीतली चरबी. धुतल्यावर काढून घेतात आणि मलमात वापरतात. तंतू इतका बारीक, की वीस मायक्रॉनच्या आसपास. आपला केस त्याच्या तिप्पट तरी जाड. म्हणून ही लोकर टोचत नाही. लहानपणी तुझा निळा स्वेटर गळ्याला टोचतो म्हणून मी रडायचे आणि तू आतून मलमलीची पट्टी शिवून द्यायचीस, ती हिला लावावीच लागणार नाही.

तुझ्यासाठी सहा गुंडे घेतलेत, राखाडी आणि मोरपंखी. दिवाळीला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. धागा बारीक आहे, तेव्हा दहा नंबरच्या सुया चालतील की आणखी बारीक लागतील, ते बघून ठेव. मोरपंखीतून पुण्याच्या आत्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर होईल; राखाडी मात्र तुझ्या स्वतःसाठीच ठेव, कुणाला देऊन टाकू नकोस. आत्यालाही हे पत्र वाचायला पाठव.

आईबाबांना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझी,
मनू