तीस अंशांवर ठेवलेल्या नळ्यांबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे छापून येऊ नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे. परंतु माझ्या भावाच्या आजाराचा खरा जिवाणू आपण प्रयोगशाळेत शोधून दिलात, त्याचे आभार मात्र चारचौघांत मानावेत असे आम्हा सर्व कुटुंबीयांना वाटते, म्हणून हे जाहीर पत्र.

माझे थोरले बंधू पेडणे तालुक्यातील खाजनाच्या (भरतीच्या पाण्यालगतच्या बांधबंदिस्त शेतजमिनीच्या) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, मासे धरतात. काळुंदर माशाचा काटा बोटात शिरल्याचे निमित्त झाले. काही आठवड्यांनी तिथे गाठ आली आणि पुढे मनगटावरून कोपराकडे एकामागून एक गाठी ओळीने उठत गेल्या. बायोप्सीच्या तुकड्यात अ‍ॅसिडफास्ट (क्षय आणि कुष्ठरोगाचे जिवाणू ज्या गटात येतात त्या गटातले) जिवाणू दिसले, पण सदतीस अंशांवर ठेवलेल्या कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच उगवले नाही. जिवाणू दिसतो आणि वाढत नाही, एवढे कानावर येताच गावात कुष्ठरोगाची कुजबुज सुरू झाली. जुन्या माणसांच्या तोंडी माकाझनच्या कुष्ठरुग्णालयाचे नाव येऊ लागले, आणि दादांच्या टोपलीतले मासे विकले जाईनात.

ती शंका अगदीच निराधार नव्हती, हे आपणच मला समजावून सांगितलेत. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ मध्ये पाहिला, तरी आजवर कोणत्याही कृत्रिम माध्यमावर तो वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात तो वाढला, एवढेच. मात्र ‘वाढत नाही’ असे लिहिण्याआधी आपण त्याला काय दिले, हे तपासले पाहिजे, असे आपण म्हणालात. दुसरा नमुना आपल्याकडे आला तेव्हा आपण स्वतः फोन करून दादांचा व्यवसाय विचारलात आणि पाण्यात हात किती वेळ असतो, काटा कोणत्या माशाचा होता, हेही विचारलेत. तोवर हे कुणीच विचारले नव्हते. या प्रश्नांसाठी मी आपला सर्वांत अधिक ऋणी आहे, कारण पुढचे सारे त्यांतूनच घडले.

लोवेन्स्टाईन-जेन्सन माध्यमाच्या, म्हणजे अंडी आणि मॅलाकाइट ग्रीन घातलेल्या त्या हिरव्या तिरप्या नळ्यांचा एक संच आपण सदतीस अंशांवर ठेवलात आणि दुसरा तीसवर. शिवाय, लोहाशिवाय न वाढणारा मायकोबॅक्टेरियम हिमोफिलम असू शकेल म्हणून एक नळी रक्त घातलेल्या माध्यमाची ठेवलीत. मासे आणि पाणी यांत राहणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम तीस ते बत्तीस अंशांत चांगला वाढतो. शरीराच्या आतली ऊब त्याला मानवत नाही, म्हणूनच तो बहुधा हातापायांच्या थंड त्वचेपुरता राहतो. दादांच्या गाठी हातावरच का थांबल्या, याचे उत्तर त्या इन्क्युबेटरच्या आकड्यातच होते.

तिसऱ्या आठवड्यात तीस अंशांच्या नळीत दाणे दिसू लागले. आपण पाठवलेली दोन छायाचित्रे मी जपून ठेवली आहेत. पहिल्यात, फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात वाढवलेल्या नळीवर मळकट पांढऱ्या, गुळगुळीत वसाहती आहेत. दुसऱ्यात तीच नळी थोडा वेळ उजेडात धरून पुन्हा ठेवल्यानंतरची, आणि त्याच वसाहती लिंबासारख्या पिवळ्या झालेल्या. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, तरीही एका जिवाणूने उजेडाला दिलेले असे उत्तर मी प्रथमच पाहिले. आपण मात्र तेवढ्यावर समाधान मानले नाहीत. मायकोबॅक्टेरियम कन्सासीही उजेडात पिवळा होतो. पण तो सदतीस अंशांवर उत्तम वाढतो आणि नायट्रेटचे नायट्राइट करतो, हा ते करत नाही. मरिनमचा जवळचा नातलग मायकोबॅक्टेरियम अल्सेरन्स याहून कितीतरी सावकाश वाढतो. एवढे पडताळून झाल्यावरही जिवाणूची जात ओळखण्यासाठी एचएसपी६५ जनुकाचा क्रम तपासून घेतलात आणि मगच अहवालावर मायकोबॅक्टेरियम मरिनम हे नाव लिहिलेत.

त्या नावाने उपचार बदलले. क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या जिवाणूवर चालत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांनी क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथाम्ब्युटॉल सुरू केले. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, हे लिहिलेला कागद वहिनींनी शेजारणींना वाचून दाखवला. गाठी आता बसल्या आहेत. त्या दिसेनाशा झाल्यावरही काही आठवडे गोळ्या चालू ठेवायच्या आहेत, आणि दादा त्या न चुकता घेतात. मानशीवर जाताना ते जाड रबरी हातमोजे घालतात.

ती दोन छायाचित्रे आपल्या अनुमतीने दहावीच्या वर्गात दाखवावीत, अशी माझी इच्छा आहे. परवानगी असल्यास कृपया कळवावे.

आपला कृतज्ञ,
रुग्णाचा धाकटा भाऊ
पेडणे, गोवा