पडद्यावरची कडी

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअर पेटंटवर तुमच्याकडे जी पत्रं येतायत त्यात बहुतेकांचं म्हणणं एकच, 'ह्यात काय एवढं, कुणालाही सुचलं असतं'. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मलाही पहिल्यांदा तसंच वाटतं, पण उत्तर कळलं की कोडं सोपंच वाटतं, त्यामुळे नुसतं वाटून उपयोग नाही, अर्जाच्या तारखेआधी जगाला काय काय माहीत होतं ते शोधून समोर ठेवावं लागतं.

अ‍ॅपलचं 'स्लाइड टू अनलॉक' घ्या, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बोटाने सरकवून फोन उघडायचा. पेटंटचा मूळ अर्ज डिसेंबर २००५ चा. त्याआधीच स्वीडनच्या निओनोड कंपनीचा एन-वन फोन होता, त्याच्या माहितीपुस्तिकेत सरळ लिहिलंय की पॉवरचं बटण दाबा, स्क्रीनवर सूचना येईल, बोट उजवीकडे सरकवा, फोन उघडेल. राहिलं काय, तर बोटाबरोबर सरकणारं चित्र. तसा सरकता स्विच १९९२ च्या एका रिसर्च पेपरमध्ये होता, घरातली उपकरणं चालू-बंद करायच्या भिंतीवरच्या टचस्क्रीनसाठी. दाराची कडी सरकवतो तसंच की हे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टातल्या तीन जजेसनी हे दोन्ही एकत्र करणं जाणकाराला सहज सुचलं असतं म्हणून क्लेम, म्हणजे पेटंटमधला हक्काचा दावा, बाद ठरवला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच कोर्टाच्या पूर्ण बेंचने ८ विरुद्ध ३ ने तो निकाल फिरवला. फोन बनवणारा भिंतीवरच्या यंत्राकडे कशाला बघेल, हा ह्या बेंचचा एक मुद्दा, आणि दुसरा म्हणजे अ‍ॅपलने हे स्टेजवर दाखवलं तेव्हा लोकांनी केलेला जल्लोष. जर्मनीच्या सर्वोच्च कोर्टाने मात्र २०१५ मध्येच ह्याच कल्पनेचं युरोपियन पेटंट रद्द केलं होतं.

मला तो जल्लोषाचा मुद्दा अजिबात पटत नाही. टाळ्या अख्ख्या फोनला पडतात, क्लेममधल्या एका ओळीला नाही. आणि टचस्क्रीनवर काम करणारा माणूस टचस्क्रीनवरचाच पेपर वाचणार नाही, असं कसं धरायचं? अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये गाडीच्या पेडलच्या केसमध्ये सांगितलंय की त्या विषयातला जाणकार कारागीर म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्याला चार तुकडे जुळवता येतात.

आपल्याकडे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाहीच, पण त्याच्या आसपासचे अर्ज भरपूर येतात आणि मंजुरीआधी कोणीही, अगदी कोणीही, विरोध दाखल करू शकतो. ज्यांना 'हे तर आम्ही पूर्वीच करत होतो' वाटतं त्यांनी तारीख असलेला कागद घेऊन तिथे जावं. अडचण ही की तो कागद रद्दीत गेलेला असतो. मागच्या महिन्यात ऑफिसचं कपाट रिकामं करताना २००३-०४ ची मॅन्युअल्स रद्दीवाल्याकडे चालली होती, मी दोन पिशव्या भरून घरी आणली आहेत, कुणाला लागली तर जरूर कळवा.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे